घरातलं घड्याळ नक्की कुठल्या गावचं?

परळकरीण | मंगळवार, सकाळी ६:१०

मंडळी, परवा पोळ्या लाटताना एक गोष्ट डोक्यात शिरली आणि निघता निघेना, म्हणून धागा काढतेय.

आमच्याकडे रात्रीचं जेवण साडेनऊच्या आत उरकावं लागतं. साडेनऊला लेकाची मीटिंग. त्याचे साहेब कॅलिफोर्नियात, तिथे तेव्हा सकाळचे नऊ. आता नोव्हेंबरचा पहिला रविवार आला, की तिकडे घड्याळं तासभर मागे नेतात. म्हणजे सोमवारपासून मीटिंग साडेदहाला. मार्चचा दुसरा रविवार उजाडला की पुन्हा साडेनऊ. हे माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून कालनिर्णयावर एकादशी-संकष्टीच्या शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवते, "अमेरिका मागे", "अमेरिका पुढे". मे महिन्यातल्या एका संकष्टीला चंद्रोदय होता दहाच्या सुमाराला. पोराने मोदक कॅमेरा बंद करून खाल्ला.

सासरे गिरणीत होते, सातची पाळी. त्यांचं घड्याळ म्हणजे भोंगा. सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात, अशा तीन पाळ्या. आमच्या चाळीत गाळे असे होते की एक पाळी कामावर गेली की तिच्या वळकट्यांवर दुसरी पाळी झोपायची. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला आणि भोंगा थांबला. पण सासूबाई शेवटपर्यंत पहाटे साडेपाचला उठून चूल… म्हणजे स्टोव्ह पेटवायच्या. कुणासाठी, विचारायची हिंमत झाली नाही.

तर माझा मुद्दा असा. परक्याच्या घड्याळावर जगणं आम्हाला नवीन नाही. पण भोंगा वाजायचा तो अख्ख्या वाडीला एकदम ऐकू यायचा. लेकाचा भोंगा फक्त त्याच्या कानातल्या हेडफोनमध्ये वाजतो. सून बँकेत, ती आठ वाजून चारच्या लोकलवर. आमचे हे झवेरी बाजारात पेढीवर हिशेबनीस होते, निवृत्त झाले तरी रात्री साडेअकराला एमसीएक्स (वायदे बाजार) बंद होईपर्यंत सोन्याचा भाव बघत बसतात. (थंडीत तेही पाच कमी बारापर्यंत! का, तर अमेरिका.) नातू ज्याच्याशी गेम खेळतो तो मुलगा कुठल्या देशातला, देव जाणे. दोन खोल्यांत चार गावांच्या वेळा चालू आहेत आणि कुकर एकच.

तुमच्याकडे कुठल्या गावचं घड्याळ चालतं?

---

दुपारचा_चहा | सकाळी ८:५२

आमच्याकडे लंडन. साडेचार-साडेपाच तासांचा फरक, साहेब लोक दुपारी उगवतात. तुमच्यापेक्षा सुखी आहोत. वाचतेय.

---

जुनी_पानं | सकाळी ११:२०

झकास विषय. मुंबईचं याबाबतीतलं भांडण फार जुनं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आज आपण जिला "आपली वेळ" म्हणतो तीसुद्धा मुंबईवर लादलेलीच आहे. सूर्याच्या हिशेबाने मुंबईची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. ही प्रमाणवेळ येण्याआधी रेल्वे आणि तारखातं मद्रासच्या वेळेवर चालायचं, कारण आगगाडीला आणि तारेला गावोगावचे वेगळे बारा परवडत नाहीत. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने प्रमाणवेळ लागू केली. मुंबईकर खवळले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी काम टाकून गिरणीवर दगडफेक केली. त्यांच्या दृष्टीने गोष्ट सोपी होती: घड्याळ पुढे ढकलायचं म्हणजे अंधारात उठवायचं. महापालिकेने तर आपली घड्याळं मुंबईच्याच वेळेवर ठेवली, आणि हा हट्ट १९५५ पर्यंत चालला. स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली तरी या शहरात "तुमचे साडेपाच की आमचे?" असं विचारायची सोय होती.

दुसरं, विजेचा दिवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस सूर्यापासून सुटला. चौदा-चौदा तास माग चालू लागले. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. बारा तास म्हणजे सवलत, यावरून आधी काय चाललं असेल ते बघा. परळकरीणताईंच्या लेकाचा लॅपटॉप हा त्या दिव्याचाच नातू.

---

कोरडा_पाव | दुपारी १:०५

माफ करा, पण हे सगळं वाचून भोंग्याचं फारच कौतुक चाललंय असं वाटलं. माझे वडीलही गिरणीत होते. भोंगा ऐकून वाडी एकत्र उठायची हे खरं, आणि संपानंतर वाडी एकत्र उपाशी बसली हेही खरं. अडीच लाख माणसं होती. मी नववीत असताना वडील घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागले (काय योगायोग), त्यात वर्षभर पैसा दिसला नाही.

मी २००१ पासून अमेरिकेच्या क्लायंटसाठी काम करतोय. रात्री जागतो. त्या जागरणातून कांजूरला दोन बेडरूमचं घर झालं, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पूर्वी मुंबईत साधा फोन घ्यायला नंबर लावून आठ-आठ वर्षं वाट बघावी लागायची. आता कुणाला कसली वाट बघावी लागत नाही, तर आपण तक्रार करतोय की जग लवकर येतं. तासाभराने जेवण पुढे गेलं तर बिघडलं कुठे?

---

परळकरीण | दुपारी २:३०

@कोरडा_पाव, भाऊ, तुमचं पटतं. आमचाही फ्लॅट त्याच जागरणातून उभा आहे, नाकारत नाही. चाळीत परत जा म्हटलं तर मी पहिली पळून जाईन, सामायिक संडास आठवतात मला. माझं म्हणणं जेवण पुढे गेल्याचं नाहीच. पूर्वी सगळ्यांचं एकदम पुढे जायचं, आता एकेकाचं जातं, एवढंच खुपतं. तुमच्याकडे सगळे एकत्र जेवतात?

---

कोरडा_पाव | दुपारी २:४१

रविवारी.

---

तारमास्तर | दुपारी ४:१५

मी फ्लोरा फाउंटनच्या तार ऑफिसात तीस वर्षं काढली. इथले बहुतेक माझ्या मुलांच्या वयाचे असाल, म्हणून दोन शब्द.

परदेशाचं घड्याळ मुंबईत पहिल्यांदा शिरलं ते तारेने. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' हे अजस्र जहाज मुंबईहून एडनपर्यंत समुद्रात केबल टाकत गेलं, आणि त्या वर्षी लंडनशी थेट जोडणी झाली. तोवर विलायतेचं पत्र यायला महिना लागायचा. त्याआधी पाचच वर्षं, १८६५ ला, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईतले लखपती रस्त्यावर आले. ती बातमी अटलांटिक बोटीनेच ओलांडून आली होती. केबल आल्यावर लिव्हरपूलचा भाव इथल्या व्यापाऱ्याला त्याच दिवशी कळू लागला. त्याची झोप तेव्हापासून उडाली म्हणा ना.

पण सामान्य माणसाला तार म्हणजे धडकीच. सायकलची घंटा वाजली आणि तारवाला दिसला की बायका वाचायच्या आधी रडायला लागत. पुष्कळदा आत लिहिलेलं असायचं, "मुलगा झाला, दोघे सुखरूप". १४ जुलै २०१३ ला सेवा बंद झाली त्या दिवशी आमच्याकडे ही रांग! आयुष्यात कधी तार न केलेली पोरं स्वतःलाच तार करायला आली होती. मी तोवर निवृत्त झालो होतो, तरी जाऊन उभा राहिलो. मीही एक केली. बायकोला. मजकूर सांगत नाही.

---

खवचट_काकू | दुपारी ४:४०

तारमास्तर, मजकूर सांगा, नाहीतर धागा पुढे जाणार नाही.

(अवांतर: माझ्या मनगटावरचं घड्याळ मला दर तासाला "उभ्या राहा" म्हणतं. हे कुठल्या गावचं समजायचं? चर्चगेट फास्टमध्ये म्हणालं परवा. मी विरारपासून उभीच होते.)

---

रात्रपाळी_०४ | रात्री ११:५५

खूप दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

२००४ ते २००९ मी मालाडला कॉल सेंटरमध्ये होते. वय एकवीस, राहायला डोंबिवलीला. रात्री साडेसातला सुमो खाली उभी राहायची, पहाटे साडेचारला सोडायची. पहिल्या महिन्यात माझं नाव बदललं, फोनवर मी 'सुझन'. उच्चार घोटून घेतले, अमेरिकेतलं हवामान पाठ करून घेतलं, म्हणजे समोरच्याला वाटावं बाई शेजारच्याच गावात बसलीय. बाहेर मुंबईचा जुलै धो धो कोसळतोय आणि मी "हो ना, काय सुंदर ऊन पडलंय" म्हणतेय.

लक्ष्मीपूजनाला कधी सुट्टी मिळाली नाही. नोव्हेंबरातल्या त्यांच्या थँक्सगिव्हिंगला मात्र ऑफिसात कागदाचे टर्की टांगायचे. आई रांगोळी काढत असायची आणि मी रांगोळीवरून उडी मारून सुमोत.

पण आता उलट बाजू. आमच्या बिल्डिंगमध्ये पहाटे गाडीतून उतरणाऱ्या मुलीकडे कसं बघायचे, ते सांगायला नको. वॉचमन गेट मुद्दाम हळू उघडायचा. आई रोज साडेचारला गॅलरीत दिवा लावून उभी राहायची. मी घाबरू नये म्हणून नव्हे हो, बघणाऱ्यांनी तिलाही बघावं म्हणून. वर्षभरात तोंडं बंद झाली, कारण दोन मजले सोडून आणखी दोघी त्याच सुमोत बसायला लागल्या. २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने-आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षितता आणि वाहन हवं, असं स्पष्ट आलं. ती वाट आमच्या सुमोने आधी तुडवली होती असं मला वाटतं.

भावाचं इंजिनिअरिंग माझ्या पगारातून झालं. पाच वर्षं ऊन अंगावर घेतलं नाही, हाडांचं दुखणं मागे लागलं. दोन्ही खरं. हिशेब मांडत बसत नाही.

---

वेसावकर | बुधवार, पहाटे ४:२०

सगळे घड्याळावर बोलताय. आमच्या मासेमारीच्या धंद्याचं घड्याळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकतं. भरती-ओहोटी. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी कमी. १ जून ते ३१ जुलै बंदी. साहेब कॅलिफोर्नियाचा असो की चंद्राचा, पाणी चढल्याशिवाय बोट हलत नाही.

पण गंमत ऐका. तुमच्या लेकाची ती मीटिंग आमच्या वाळूखालून जाते. समुद्रातल्या इंटरनेट केबली मुंबईत बहुतेक करून वेसाव्याच्या किनाऱ्यालाच वर येतात. लोकांना वाटतं इंटरनेट आकाशातून येतं, उपग्रहातून. नाय. जवळजवळ सगळं समुद्राच्या तळातून येतं, आणि खोल पाण्यात ती केबल बागेतल्या पाइपाएवढीच जाड असते. तुटते तेव्हा शार्कने चावलेली नसते, बहुतेक वेळा कोणाचा तरी नांगर नाहीतर जाळं अडकलेलं असतं. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या तेव्हा मुंबईतल्या ऑफिसांचं अर्धं काम झोपलं. आमच्या पोरांना तेव्हा कळलं, आपल्या अंगणातून काय जातं ते.

आणि बाजार. माकूळ (स्क्विड) पूर्वी कोण विचारायचा? आता ससून डॉकला कंपनीचा माणूस पहाटे उभा, माल युरोपात जातो. बोट किनाऱ्याच्या रेंजमध्ये आली की मोबाइल वाजायला लागतात, भाव बोटीवरच कळतो. चांगलं आहे. फक्त सोलणाऱ्या बायका अजून तशाच बर्फात हात घालून बसल्यात, १८७५ च्या डॉकमध्ये. जग त्यांच्या टोपलीतून जातं, हातात त्याचं काय राहतं ते त्यांनाच विचारा.

चला, पाणी झालं.

---

जुनी_पानं | बुधवार, सकाळी १०:१०

वेसावकर, __/\__

भावावरून आठवलं. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ मध्ये मोबाइल पोचला, त्यावर रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाचा अभ्यास आहे. त्याआधी एका बंदरावर ताजी मासळी गिऱ्हाईक नाही म्हणून फेकली जायची आणि थोड्याच अंतरावरच्या बंदरावर गिऱ्हाईक मासळीवाचून परत जायचं. फोन आले आणि हे थांबलं, भाव सगळीकडे जवळपास सारखे झाले. म्हणजे जोडलं गेल्याचा फायदा खरा आहे, तो कुणाच्या पदरात किती पडतो हे ज्याच्या-त्याच्या बंदरावर ठरतं.

---

दोन_चाकं | बुधवार, दुपारी ३:४८

नमस्कार. बोलून टाइप करतोय, चुका समजून घ्या.

मी डिलिव्हरी करतो, अंधेरी ते जोगेश्वरी. माझं घड्याळ अ‍ॅपमध्ये आहे आणि ते उलटं चालतं. दहा, नऊ, आठ. दुकानातून पिशवी हातात यायलाच चार जातात. मग सिग्नल, मग सोसायटीचं गेट, तिथे फोनवर फोटो, मालकाने परवानगी द्यायची, मग सर्व्हिस लिफ्ट. चांगली लिफ्ट रिकामी असली तरी सर्व्हिस लिफ्ट. घड्याळाला लिफ्ट समजत नाही.

भोंगा वाजून कामावर गेलात की निदान मुकादम दिसायचा. त्याला शिवी देता यायची. मला उशीर झाला तर कोणाला सांगू? चॅटमध्ये एक जण "तुमची अडचण आम्हाला समजते" लिहितो. तो माणूस आहे की मशीन, पण कळत नाही.

चहा संपला. ऑर्डर आली.

---

कोरडा_पाव | बुधवार, दुपारी ४:२०

@दोन_चाकं, हे मात्र लागलं. काल मी कोथिंबीर मागवली होती. एक जुडी.

माझा आधीचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण एक भर घालतो. जुनी_पानं यांनी १९११ चा कायदा सांगितला. बारा तासांची मर्यादा पडली कारण चौदा तास राबणारे सगळे एकाच दारातून आत जायचे, लोकांना दिसायचे, मोजता यायचे. आमचं जागरण आपापल्या बेडरूममध्ये चालतं. माझी बायको सोडली तर मी किती वाजता लॅपटॉप मिटला हे मोजणारा कोणी नाही. ती मात्र बरोबर मोजते.

---

रिंगवाला | बुधवार, रात्री ९:०५

दलाल स्ट्रीटवर शेअर बाजारात जॉबर होतो, म्हणजे दिवसभर शेअर घेणारा-विकणारा, रिंगमधला (सौद्यांच्या हॉलमधला). हाताच्या खुणांनी सौदे. तळहात स्वतःकडे म्हणजे घेतो, बाहेर म्हणजे विकतो. घसा बसायचा, सदऱ्याची बटणं तुटायची. १९९४ च्या शेवटी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने स्क्रीनवर शेअर आणले, १९९५ ला आमच्याकडेही स्क्रीन आला आणि रिंग थंड झाली. छतावर तबकडी लावून गावोगावचे दलाल मुंबईच्या भावाला एका सेकंदात भिडले. आमचा मक्ता गेला, गाववाल्यांचं भलं झालं. दोन्ही एकाच तारखेला.

पूर्वी बाजार बंद झाला की बंद व्हायचा. मग भेळ. आता गिफ्ट निफ्टी (गुजरातच्या गिफ्ट सिटीतला निफ्टीचा वायदा) सकाळपासून मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालू असतो. उरलेल्या थोड्या तासांत भेळ खायची की झोपायचं, सांगा. परळकरीणताई, तुमच्या यजमानांना माझा नमस्कार. आमची जात एकच.

---

खवचट_काकू | बुधवार, रात्री ९:३०

तारमास्तरांचा मजकूर अजून आलेला नाही. नोंद घ्यावी.

---

दक्षिण_खाडी | गुरुवार, सकाळी ७:०२

मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. परळकरीणकाकू, तुमच्या लेकाच्या मीटिंगमधला तो 'साहेब' मी नसेन, पण दुसऱ्या कुणाच्या तरी लेकाचा नक्कीच आहे. मूळचा ठाण्याचा, नौपाडा.

या टोकाचंही सांगतो. सकाळी नऊची मीटिंग आम्हाला सोयीची, म्हणून कुणी विचारच करत नाही की पलीकडे जेवणाची वेळ आहे. मी करत होतो, पण बोलत नव्हतो, कारण नवा होतो. मग आई आजारी पडली. तिला फोन करायचा म्हणून मी सकाळी सहाला उठायला लागलो. तिथे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा, ती दिवा लावून माझी वाट बघत बसलेली. तेव्हा लक्षात आलं, आईसाठी सहाला उठता येतं तर टीमसाठीही येईल. टीमला विचारलं. आता एक आठवडा आम्ही सहाला उठतो, एक आठवडा मुंबईची मंडळी जागतात. आमच्यातले दोघे कुरकुरले, जगबुडी झाली नाही. आठ वर्षं कुणी हे विचारलं नव्हतं, एवढंच कारण होतं.

लेकाला म्हणावं, विचार.

---

तारमास्तर | गुरुवार, सकाळी ९:१५

काकूंच्या आग्रहास्तव. मजकूर होता: "येताना भाजी आणतो." तार दोन दिवसांनी पोचली, भाजी त्याच दिवशी पोचली होती. बायकोने जपून ठेवलीय. तार.

---

परळकरीण | गुरुवार, रात्री १०:४०

दक्षिण_खाडी, बाळा, तुमचा प्रतिसाद लेकाला वाचून दाखवला. एक कान हेडफोनमध्ये, एक माझ्याकडे. "बघतो," म्हणाला. हे "बघतो" मी त्याच्या दहावीपासून ओळखते, पण या वेळी त्याने धाग्याची लिंक मागून घेतली.

सोमवारपासून साडेनऊ ते साडेदहा असा एक तास घरात रिकामा सापडतोय. सुनेला म्हटलं, नऊऐवजी साडेनऊला बसू, सगळे एकदम. ती म्हणाली, आई, मला सकाळची आठ-चार आहे. यांनी सोन्याच्या भावातून मान वर केली नाही. नातवाने फक्त विचारलं की त्याच्या गेममधल्या मित्राकडेसुद्धा घड्याळ बदलणार का. मला माहीत नव्हतं, मग त्याने त्यालाच विचारलं. तो पोर्तुगालचा निघाला. त्यांच्याकडे गेल्याच रविवारी बदललं म्हणे.

पांढरे वाटाणे रविवारी रात्री भिजत घालणार आहे. सोमवारी साडेनऊला उसळ, बरोबर पाव. कोरडा_पाव, तुमच्या नावावरून सुचलं हो.